रिक्षा, दिनांक आणि तुर्की ‘तारीह’

नाशिकच्या रिक्षात ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ म्हणा, रिक्षावाले काका घटकाभर विचारात पडतात. ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लगेच मीटर खाली! गंमत म्हणजे ‘हुतात्मा’ हा शब्द रुजवला इथल्याच भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’, ‘दिनांक’ हेही त्यांचेच. आता कुठलाही सरकारी फॉर्म घ्या: वर ‘अर्ज’, खाली ‘दिनांक’, शेजारी ‘सही’. अर्ज आणि सही अरबीतून आलेले, मधला दिनांक सावरकरांचा. तिघं एका कागदावर सुखाने नांदतात!

शब्द बदलायची हौस मात्र खूप जुनी. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे 1400 यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत.

सर्वांना समजेल अशी एकच मराठी घडवायची, हे काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते छापखान्यात, आणि तेही पार बंगालमध्ये. 1805 साली विल्यम केरीने श्रीरामपूरला मराठी व्याकरण छापलं. मदतीला होते वैजनाथ पंडित. केरीचा 1810 चा कोश तर मोडीत छापलेला! पण मोडीची अक्षरं हात न उचलता लिहायची. त्यांचे सुटे खिळे पाडणं जिकिरीचं. छापील पानावर बाळबोध जिंकली, मोडी दप्तरात राहिली.

मुंबईत छापखाना चालवणाऱ्या गणपत कृष्णाजींपुढे वेगळीच अडचण आली. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला हात लावेनात. मग त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात.

6 जानेवारी 1832. बाळशास्त्री जांभेकर जेमतेम विशीतले, आणि त्यांचं ‘दर्पण’ निघालं. एकाच पानावर एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. 1840 मध्ये ते थांबलं. त्याच वर्षी बाळशास्त्रींचं ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू झालं आणि नाशिकमध्ये वाचनालय उघडलं, तेच आपलं आजचं ‘सावाना’.

आता थेट क्रिमियात चला. बाख्चिसराय गावात 1883 साली इस्माईल गास्प्रिन्स्कींनी वर्तमानपत्र काढलं, तेही दुभाषी: रशियन आणि तुर्की. नाव ‘तर्जुमान’. आपला ‘तरजुमा’ त्याचाच भाऊ! बोस्फरसच्या नावाड्यापासून काशगरच्या उंटवाल्यापर्यंत सगळ्यांना कळेल अशी एक तुर्की भाषा, हे त्यांचं स्वप्न. 1912 मध्ये ते मुंबईलाही येऊन गेले, आपल्या नव्या शिक्षणपद्धतीचा प्रसार करायला. पण तातारांना तातार हवी होती, अझरबैजानी लेखकांना आपली. सर्वांची भाषा म्हणजे नक्की कुणाची?

हाच प्रश्न आपल्याकडेही पेटला होता. छापील मराठी पुणेरी वळणाची होत चालली. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं आणि शेतकरी-कामकऱ्यांचं दुखणं छापील पानावर आलं. 1885 साली मराठी ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून साफ नकार कळवला. मला ते पत्र मराठी भाषेच्या इतिहासातलं फार मोलाचं पान वाटतं. प्रमाणभाषा हवीच, पण तिच्या बैठकीत कोण बसणार, हे आधी विचारायला हवं. त्यांनी ते विचारलं.

1928 मध्ये अतातुर्कांनी तुर्कीची अरबी लिपी काढून रोमन आणली, पुढे अरबी-फारसी शब्दही वेचून काढायला घेतले. साधारण त्याच काळात आपल्याकडे भाषाशुद्धी जोरात होती. माधव जूलियनांची कहाणी तर विलक्षण. फारसीचे प्राध्यापक, कवितेत फारसी शब्दांची उधळण, 1925 चा फारसी-मराठी कोशही त्यांचाच. आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले! तरी तुर्कस्तानात आजही ‘कलेम’, ‘देफ्तेर’, ‘तारीह’ आहेत, आणि आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आपण तारीखच बघतो.

जुनं पुस्तक उघडा: नांव, केलें, घरांत, नाहीं. पानभर टिंबंच टिंबं! साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी न उच्चारली जाणारी ही टिंबं पुसली. आजीच्या पत्रांत मात्र ती शेवटपर्यंत होती.

पण नियमांबाहेरची बोलीही छापील पानावर आलीच. 1942 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आचार्य अत्रे. दहा वर्षांनी त्यांच्याच प्रस्तावनेसह बहिणाबाई चौधरींची खानदेशी बोलीतली गाणी प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुस्तक निघालं तेव्हा त्या हयातही नव्हत्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या कवितेखाली शब्दार्थ देतात. पुण्यामुंबईच्या मुलांना त्या शब्दार्थांची गरज पडते, खानदेशातल्या यावल-रावेरच्या मुलांना नाही.