आवाज जपणारी डबी

लग्नाचा अल्बम आपण कपाटात जपून ठेवतो. पण मैत्रिणींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपलाय का कधी? आठवून पाहा बरं!

माझं सासर साताऱ्याचं. सासूबाईंना जात्यावरच्या कितीतरी ओव्या येत. एकदा मोबाइल पुढ्यात ठेवून मी त्या टिपून घेतल्या खऱ्या, पण डोक्यावर पंखा गरगरत होता. आज सासूबाई नाहीत, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये पंखाच जास्त ऐकू येतो! ही चुटपुट तुम्हांला लागू नये, म्हणून हे लिहायला घेतलं.

पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, काही ध्वनिमुद्रितही केल्या. आपल्या घरातली ओवी मात्र आपणच टिपायला हवी.

चांगला माइक मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला जोडायचा, तर मध्ये एक छोटी डबी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून येणारा क्षीण आवाज ती मोठा करून कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात देते. पण दुकानात नुसते दिवे बघून भुलू नका. भेंडी मोडून बघतो ना आपण, तसे चार प्रश्न विचारा.

१) माइक किती लागतात? एकटीच गाणार असेल तर एक पुरे. माझ्या माहेरी, सांगलीला, वहिनी मिरजेचा तंबोरा घेऊन गायला बसते. गळा आणि तंबोरा वेगवेगळे टिपायचे तर दोन माइक हवेत. इथेच फसगत होते! बेहरिंगरची यूएम-२ किंवा फोकसराइटची स्कार्लेट सोलो यांवर जागा दोन दिसतात, पण माइक एकच लागतो. दुसरी जागा गिटारसारख्या वाद्याच्या वायरीची. दोन माइकसाठी यूएमसी-२०२एचडी किंवा स्कार्लेट २आय२ मागा.

२) ४८ व्होल्टची सोय आहे का? कंडेन्सर माइकला ती लागते, डायनॅमिकला नाही. कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा! गजबजलेल्या घरात डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेला बरा.

३) 'डायरेक्ट मॉनिटर' आहे का? नसेल तर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि गाणारी बिचकते.

४) मोबाइलवर चालते का? काही डब्यांना मोबाइलची वीज पुरत नाही. दुकानातच आपला मोबाइल जोडून बघा.

एका माइकची डबी घेऊन भागत असेल, तर उगाच महागडीच्या मागे लागू नका. उरलेल्या पैशांत बरा माइक आणि हेडफोन घ्या.

आता रेकॉर्डिंगची तयारी. पंखा बंद करा. गाद्या-गोधड्या असलेली खोली निवडा, म्हणजे आवाज घुमत नाही. आधी सर्वांत चढा सूर लावून घ्या आणि लाल दिवा लागणार नाही इतपतच बटण फिरवा. फाइल 'वेव्ह'मध्ये ठेवा, तिच्या दोन प्रती करा. गाणारीचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

आणि हो, आजींना आधी विचारा. "माझं कसलं गाणं गं!" म्हणतील, पण चहा झाला की गायला बसतील. डबी येईपर्यंत मात्र थांबू नका. आज पंखा बंद करून मोबाइलवरच एक ओवी टिपून ठेवा.