औषध दिले, पण ते घेतले जाते का?

बी. फार्म.च्या सातव्या सत्रात ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या विषयात तुम्ही रुग्ण-समुपदेशन शिकता. मानसशास्त्राची खरी गरज तेथे भासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच आहे.

काही रुग्ण विसरतात, तर काही जाणूनबुजून थांबतात. उच्च रक्तदाबात बहुधा त्रास जाणवत नाही. त्यामुळे ‘बरे वाटते, मग गोळी कशाला? उगाच सवय लागेल’ असे रुग्णाला वाटते. त्याच्या बाजूने पाहिले तर हा विचार अगदीच चुकीचा वाटत नाही! अशा रुग्णाला मोबाईलचा गजर लावून देऊन उपयोग नाही. आधी त्याची समजूत ऐकून घ्यावी लागते. विसरणाऱ्याला मात्र गोळीची वेळ दात घासण्यासारख्या रोजच्या सवयीशी जोडून दिली तर मदत होते.

दोघांतला फरक ओळखायचा कसा? ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारल्यास बहुतेक जण ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती वेळा गोळी राहिली? कशामुळे?’ असे विचारा. तसेच ‘समजले का?’ न म्हणता ‘घरी गोळी कशी घ्याल, ते मला सांगा’ असे म्हणा. सांगताना रुग्ण अडखळला, तर तेवढा भाग सोप्या शब्दांत पुन्हा समजावा.