समजून घ्या : एअर रायफलला परवाना लागतो का? घेण्यापूर्वी काय तपासावे?

धुळ्यातील एकवीरा देवीच्या यात्रेत असो की गावच्या जत्रेत, फुगे फोडण्याच्या स्टॉलवरची छर्ऱ्यांची बंदूक खान्देशात सर्वांच्या ओळखीची आहे. त्याच तत्त्वावर चालणारी, पण अचूक बनावटीची स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल हौसेने घेणारेही आहेत. ‘हिला परवाना लागत नाही’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

ही रायफल चालते कशी?
बहुतेक रायफलींत नळी खाली मोडली की आतील पिस्टन मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच पिस्टन वेगाने पुढे येतो, हवा क्षणात दाबली जाते आणि छर्रा सुटतो. सिलिंडर, पंप किंवा दारू काहीच लागत नाही. त्यामुळे चालवण्याचा खर्च कमी आणि देखभाल सोपी.

परवाना कधी लागतो?
शस्त्र नियम 2016 नुसार नळीचा व्यास 4.5 मिमी (0.177 इंच) पेक्षा जास्त असेल किंवा छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना आवश्यक आहे. म्हणजे 0.22 इंची एअर रायफल कमी ताकदीची असली तरी विनापरवाना ठेवता येत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो.

जाहिरातीतील वेगाला भुलू नका
अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा 10 ज्यूल होते. ‘1000 फूट प्रति सेकंद’ म्हणजे सुमारे 305 मीटर. तोच छर्रा या वेगाने सुटला, तर ऊर्जा 23 ज्यूलवर जाते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. म्हणून वेग नव्हे, ज्यूलचा आकडा विचारावा. तो लिहिलेला कागद आणि पक्के बिल जपून ठेवावे.

मग दर्जेदार कोणती?
जास्त ताकदीची ती चांगली, हा गैरसमज आहे. ऑलिम्पिकमधील 10 मीटर एअर रायफल प्रकारात छर्रा 4.5 मिमीचाच असतो आणि लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. त्या रायफली दाबून भरलेल्या हवेवर चालतात, पण ताकद 20 ज्यूलच्या निम्म्याहूनही कमी असते. हलका, एकसारखा चाप, सरळ नळी आणि प्रत्येक वेळी सारखा वेग हीच दर्जाची खूण.

स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. त्यामुळे ती घट्ट आवळून न धरता हलक्या हाताने टेकवून धरली, तर नेम सुधारतो. साधी दुर्बीण या दुहेरी झटक्याने बिघडू शकते. छर्रा न भरता चाप ओढू नये. नळीत जास्त तेल गेले, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते डिझेल इंजिनासारखे पेटते आणि पिस्टनचे सील खराब होते.

पाखरांवर चालवली तर?
हा गुन्हा आहे. ज्वारीवरचे पोपट असोत की बांधावरचे तितर, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्यांची शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. तेथे किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे. यावल आणि अनेर धरण ही दोन अभयारण्ये याच पट्ट्यात आहेत. पीक राखायला गोफण किंवा बुजगावणेच बरे. अरुणाचल प्रदेशात तर पक्षी वाचवण्यासाठी 2021 पासून लोकांना एअरगन स्वेच्छेने जमा करण्याचे आवाहन केले गेले.

सराव करताना काय पाळावे?
- लक्ष्यामागे वाळूची गोणी किंवा चिंध्या ठासून भरलेली पेटी ठेवावी. विटांच्या भिंतीवरून छर्रा उलटतो.
- गच्चीवरून नेम धरू नये. चुकलेला छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो.
- डोळ्यांना चष्मा हवाच. मुलांच्या हाती मोठ्यांच्या देखरेखीशिवाय देऊ नये.
- नळी मोडलेली असताना ती हाताने पकडूनच छर्रा भरावा. ती सुटली, तर बोटे चिरडतात.
- छर्रे शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालील मनाई आदेश लागू असताना ती बाहेर नेऊ नये. एरवीही नेताना रिकामी आणि पिशवीत बंद असावी.