श्रमदानाचा हिशोब : परदेशस्थ मराठी मंडळे आणि स्वयंसेवकांचा सन्मान

परदेशातील महाराष्ट्र मंडळे पगारी नोकरवर्गावाचून चालतात, ही गोष्ट इतकी गृहीत धरली गेली आहे की मंडळांच्या इतिहासात त्या बिनपगारी श्रमांचा स्वतंत्र विचार क्वचितच आढळतो. न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने १९३२ साली लंडनमध्ये सुरू झालेले महाराष्ट्र मंडळ, अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडीत काढल्यावर तेथे गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांच्या पिढीने १९६९ मध्ये उभे केलेले शिकागोचे मंडळ, आणि अशा विखुरलेल्या मंडळांना एका छत्राखाली आणण्यासाठी १९८१ साली स्थापन झालेले उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ, या तिन्ही संस्था सभासदांनी नोकरी-व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात दिलेल्या श्रमांवर उभ्या राहिल्या. १९८४ साली शिकागोत भरलेल्या पहिल्या अधिवेशनापासून २०२४ च्या सॅन होजे येथील अधिवेशनापर्यंतचे सारे संमेलनपर्वही, भाड्याने घेतलेल्या व्यावसायिक सेवा वजा केल्या तर, स्वयंसेवकांच्याच बळावर पार पडले आहे.

या श्रमांचे स्वरूप बाहेरून दिसते त्याहून बरेच किचकट असते. गणेशोत्सवाच्या दोन-तीन तासांच्या कार्यक्रमामागे सभागृहाचे आरक्षण, सभागृहाच्या मालकाने मागितलेले विम्याचे प्रमाणपत्र, महाप्रसादाचा अंदाज, ध्वनियंत्रणा, नावनोंदणी, मुलांच्या नाचाच्या तालमी आणि शेवटी खुर्च्या आवरून कचरा बाहेर नेणे असा कामांचा मोठा पसारा असतो. मंचावर येणाऱ्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापली जातात, देणगीदारांची नावे पडद्यावर झळकतात, पण आदल्या रात्री दोनशे माणसांची मसालेभाताची तयारी करणाऱ्या किंवा रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षे बाराखडी गिरवून घेणाऱ्या व्यक्तींचे श्रम ‘सर्व कार्यकर्त्यांचे आभार’ या एका वाक्यात मिटवले जातात. आभारप्रदर्शन हा मराठी सभांचा सर्वांत घाईत उरकला जाणारा भाग असल्याने ते वाक्यही बहुतेकांच्या कानांवर पडत नाही, हे येथे नमूद करायला हरकत नाही.

पैसा आणि वेळ यांतला हा भेद केवळ मंडळांच्या सवयीचा नाही. तो अमेरिकेच्या करकायद्यातही आहे. धर्मादाय संस्थेला दिलेली रोख देणगी, आवश्यक अटी पूर्ण झाल्यास, करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, परंतु दिलेल्या वेळेचे किंवा कौशल्याचे मोल वजा करता येत नाही. संस्थेच्या कामासाठी स्वतःची मोटार वापरली तर मैलामागे १४ सेंट एवढीच वजावट मिळते आणि हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने इंधन महागले तरी तो आपोआप वाढत नाही. दुसरीकडे, मोठ्या धर्मादाय संस्था दरवर्षी महसूल खात्याला जे विवरणपत्र क्रमांक ९९० सादर करतात, त्याच्या पहिल्याच पानावर स्वयंसेवकांची एकूण संख्या विचारलेली असते, मात्र तेथे अंदाजे आकडाही चालतो. अशा रीतीने स्वयंसेवक हा शासनाच्या कागदावर मोजला जातो, पण त्याचे तास मोजण्याची सक्ती कोणावरच नसते.

तास मोजण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात झाला. २००३ साली सुरू झालेला ‘प्रेसिडेंट्स व्हॉलंटियर सर्व्हिस अवॉर्ड’ हा सन्मान बारा महिन्यांत केलेल्या सेवेच्या तासांवर ठरत असे. प्रौढांना १०० तासांना कांस्य, १७५ तासांना रौप्य आणि २५० तासांना सुवर्ण श्रेणी मिळे, अकरा ते पंधरा वयोगटातील मुलांसाठी हेच उंबरठे अनुक्रमे ५०, ७५ आणि १०० तासांचे होते, तर आयुष्यभरात ४,००० तास पूर्ण करणाऱ्यांसाठी वेगळा सन्मान होता. तासांची खातरजमा करून शिफारस करण्याचा अधिकार नोंदणीकृत संस्थांकडे, म्हणजे प्रमाणकर्त्या संस्थांकडे असल्यामुळे अनेक भारतीय संघटनांनी हा अधिकार मिळवला आणि आपल्या समाजातील शाळकरी मुलांना पदके दिली. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात असे पदक उपयोगी पडते, हा हिशोबही त्यामागे होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. मात्र या सन्मानाची एक अट स्थलांतरितांच्या संस्थांना फार जाचक होती. तो केवळ अमेरिकेचे नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेले यांनाच मिळू शकत असे. कायम वास्तव्याच्या परवान्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, या नियमामुळे भारतात जन्मलेल्या नोकरदारांना त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. परिणामी, तात्पुरत्या परवान्यावर आलेला आणि मंडळात सर्वांत जास्त राबणारा तरुण अपात्र, तर त्याची अमेरिकेत जन्मलेली मुलगी पात्र, अशी विसंगती एकाच घरात निर्माण होई. नवागतांच्या श्रमांवर चालणाऱ्या संस्थेला ज्यांचा गौरव करायला हवा, नेमके तेच या पदकाच्या कक्षेबाहेर राहत होते.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००२ साली सुरू झालेला आणि आता राजाच्या नावाने दिला जाणारा स्वयंसेवा पुरस्कार व्यक्तीला न मिळता संपूर्ण गटाला मिळतो. त्याचा दर्जा ‘एमबीई’ या किताबाच्या तोडीचा मानला जातो. गटाने किमान तीन वर्षे काम केलेले असावे लागते आणि त्याचे नाव गटाबाहेरच्या व्यक्तीनेच सुचवावे लागते. आपल्याच संस्थेने आपल्याच अध्यक्षांना गौरवावे, या आपल्याकडच्या ओळखीच्या प्रकाराला ही दुसरी अट आपोआप आळा घालते, म्हणून ती विशेष उल्लेखनीय आहे. व्यक्तीची ओळख त्यात पुसली जाते हा दोष खरा, पण मसालेभात एकट्याने होत नाही, हेही तितकेच खरे.

सन्मानाने सेवावृत्ती वाढते की बिघडते, या प्रश्नावर समाजशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ बराच काळ वाद घालत आले आहेत. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की मोबदला देऊ लागताच दानाची प्रेरणा दुबळी होते. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात धर्मादाय निधी गोळा करणाऱ्या इस्रायली विद्यार्थ्यांपैकी ज्यांना काहीच मोबदला नव्हता, त्यांनीच सर्वाधिक रक्कम जमवली. जमलेल्या रकमेतला एक टक्का मिळणारे सर्वांत मागे पडले. पण पैशाला लागू होणारा निष्कर्ष सन्मानचिन्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या सुमारे ४,००० स्वयंसेवकांवर केलेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मोलाचा आहे. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींना आर्थिक मूल्य शून्य असलेले एक चिन्ह जाहीरपणे दिले गेले, आणि चिन्ह मिळालेल्यांचे टिकून राहण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी वाढले. चिन्ह मिळाले ते नवख्यांना, काम सुरू करून थोडेच दिवस झालेल्यांना, हा या प्रयोगातला मर्माचा भाग होय.

मंडळांची प्रथा नेमकी याच्या उलट आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे वय आणि पद झाल्यावर मिळते, ‘जीवनगौरव’ तर बहुधा माणूस कामातून निवृत्त झाल्यावरच. ज्येष्ठांचा मान राखणे ही मराठी सभाजीवनाची सुंदर रीत आहे, तिला बाध आणण्याचे कारण नाही; परंतु त्यातून कार्यकर्ता घडत नाही, घडलेल्याला निरोप दिला जातो. याशिवाय परदेशस्थ मराठी समाजाने गौरवाची आपली सर्वांत मोठी शक्ती मायभूमीसाठी राखून ठेवली आहे. सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने १९९४ पासून दिले जाणारे अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार महाराष्ट्रातील साहित्यिकांना आणि पुढे सामाजिक कार्यकर्त्यांनाही मिळू लागले, आणि त्यांची प्रतिष्ठा निर्विवाद आहे. जी काटेकोर निवडपद्धती दूरच्या कार्यकर्त्यासाठी वापरली जाते, ती मंडळातल्या कार्यकर्त्यासाठी मात्र अभावानेच वापरली जाते.

तासांच्या नोंदीला व्यवहाराचीही जोड आहे. अमेरिकेतील काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने धर्मादाय संस्थेसाठी केलेल्या सेवेच्या तासांप्रमाणे त्या संस्थेला रोख रक्कम देतात; मायक्रोसॉफ्टचा दर तासाला २५ डॉलर असा राहिला आहे. ज्या मंडळांच्या सभासदांत संगणक अभियंत्यांचा भरणा आहे, त्यांनी वही ठेवली नाही तर हा निधी हातचा जातो. सन्मान म्हणून काय द्यावे यालाही मर्यादा आहे : स्वयंसेवकांना उत्तरदायित्वापासून संरक्षण देणारा अमेरिकेचा १९९७ चा कायदा, खर्चाची भरपाई वगळता, मोबदल्याच्या ऐवजी वर्षाला ५०० डॉलरहून अधिक मूल्याची वस्तू स्वीकारणाऱ्याला ते संरक्षण नाकारतो. त्यामुळे महागड्या भेटीपेक्षा नावानिशी, कामानिशी आणि तासांनिशी वार्षिक अहवालात छापलेली नोंद अधिक निर्धोक, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक न्याय्यही ठरते.

राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा सन्मान २०२५ साली थांबवण्यात आला. बाहेरून मिळणाऱ्या पदकावर आता विसंबता येत नसल्याने मावळत्या कार्यकारिणीने नव्या समितीच्या हाती जमाखर्चाच्या वहीबरोबर स्वयंसेवकांच्या तासांची वहीही द्यावी, आणि वर्षाचा पहिला सत्कार त्या वहीत ज्याचे नाव सर्वांत अलीकडे लिहिले गेले, त्याचा करावा.