टेबलावरचा ढीग आणि नगरचे सहा गठ्ठे

"तुमचा कागद टेबलावर आहे, उद्या या." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या एका दाखल्यापायी मी ते चार वेळा ऐकलं. दरवेळी मनात तोच प्रश्न यायचा : समोरचा माणूस खरंच कामाखाली दबलाय, की मुद्दाम अडवतोय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. खरी अडचण तीच आहे.

आधी थोडं रांगांचं गणित बघू. १९६१ साली जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला. रोज येणारे अर्ज गुणिले एका अर्जाचे थांबण्याचे सरासरी दिवस, म्हणजे टेबलावरचा सरासरी ढीग. समजा, रोज २० अर्ज येतात, २० निकाली निघतात आणि ढीग ३०० चा आहे. मग प्रत्येक अर्ज सरासरी १५ दिवस थांबणार. कारकून रोजचं काम रोज करतोय, तरीही! जुना साठा एकदा उपसल्याशिवाय हे दिवस कमी होत नाहीत.

पण हा नियम फक्त सरासरी सांगतो. ढिगातून कोणाचा अर्ज आधी वर येतो, ते सांगत नाही. 'चहापाणी' शिरतं ते नेमकं इथे.

यावरचा एक नावाजलेला प्रयोग आपल्या अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) झाला. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कर्मचाऱ्यांची बैठक व्यवस्था बदलली, अभिलेख लावून घेतले. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गाजला.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत रुजलेली सहा गठ्ठे पद्धत याच विचाराची. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे ते सहा गठ्ठे. यातले पहिले दोन महत्त्वाचे. 'प्रलंबित' म्हणजे माझ्यामुळे थांबलेलं, 'प्रतीक्षाधीन' म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेलं. एका ढिगात हा फरक दिसत नाही. गठ्ठे केले की जबाबदारी कोणाची, ते वरिष्ठांनाही दिसतं आणि स्वतःलाही.

पुढे कायदाही आला. माहितीचा अधिकार, बदल्या आणि दप्तर दिरंगाई यांवर कायदे व्हावेत म्हणून याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी आंदोलनं केली. २००५ च्या कायद्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आपल्या टेबलाच्या हिशेबात याचा अर्थ काय? रोज २० अर्ज असतील, तर ढीग सरासरी १४० च्या वर नको.

मग गठ्ठ्यांनी माणूस प्रामाणिक होतो का? नाही. किरकोळ त्रुटी काढून अर्ज 'प्रतीक्षाधीन'मध्ये ढकलता येतोच. पण तसं करायला लेखी कारण द्यावं लागतं, आणि लेखी कारण तपासता येतं. शिवाय कामसू कारकुनाचाही यात फायदा आहे : आळशी शेजाऱ्याचा ठपका त्याच्यावर येत नाही.

पाचव्या खेपेला मी विचारलं, "माझा अर्ज प्रलंबितमध्ये आहे की प्रतीक्षाधीनमध्ये?" ताईंनी चष्म्यावरून बघितलं, दोन गठ्ठे चाळले. अर्जासोबतची एक झेरॉक्स कमी होती. चार खेपांत हे कोणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांत दाखला मिळाला.

पुढच्या वेळी 'कधी होईल?' विचारण्याआधी 'कुठल्या गठ्ठ्यात आहे?' हे विचारून बघा.