विश्लेषण : जुना संगणक अडखळतो, मध्येच बंद पडतो... दोष ‘रॅम’चा की आणखी कशाचा?

घरातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक. बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतेच आहे. कधी काम अर्ध्यावर असताना निळा पडदा येतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्तीवाल्याला बोलावले की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारावा लागेल’ किंवा ‘रॅम टाका’. पहिल्यात मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे जाण्याची भीती, दुसऱ्यात पैसे जाण्याची. त्यात रॅमच्या किमती आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. म्हणून खर्च करण्याआधी दुखणे नेमके कोणते, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

रॅम नेमके काय करते?

स्वयंपाकघरात माळा असतो आणि ओटा असतो. डबे माळ्यावर राहतात, पण काम ओट्यावरच होते. संगणकात हार्ड डिस्क म्हणजे माळा आणि रॅम म्हणजे ओटा. उघडलेली प्रत्येक फाइल, ब्राऊझरमधील प्रत्येक पान आधी या ओट्यावर येते. ओटा भरला की विंडोज त्यावरच्या काही वस्तू तात्पुरत्या हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागतील तशा परत आणते. अडचण आहे ती वेगाची. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला जवळपास १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पटींचा फरक. ओट्यावरची वस्तू उचलायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरची आणायला साधारण २८ तास लागावेत, असा हा हिशेब. गोल चक्र फिरत राहते ते बऱ्याचदा यामुळे.

संगणक हळू चालणे आणि कोसळणे, यात फरक काय?

सगळा घोळ इथेच होतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. संगणक दिवसेंदिवस मंद होत गेला असेल, चार गोष्टी एकदम उघडल्या की अडकत असेल, पण शेवटी काम पूर्ण करत असेल, तर रॅम अपुरी आहे किंवा डिस्क थकली आहे. रॅम जुनी झाली म्हणून हळू होत नाही. ती चालते किंवा चुकते. याउलट निळा पडदा येणे, त्यावर दरवेळी वेगळाच संदेश असणे, संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे, डाऊनलोड केलेली झिप फाइल खराब निघणे, विंडोज पुन्हा टाकताना मध्येच अडणे, ही लक्षणे सदोष रॅमची असू शकतात. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा संदेश दिसला तर संशय आणखी बळावतो, मात्र तो पुरावा नव्हे. बिघडलेला ड्रायव्हर किंवा खराब डिस्कही तोच संदेश दाखवू शकते.

अपुरी रॅम घरच्या घरी कशी ओळखावी?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरी आणि डिस्क दोन्ही दिसतात. नेहमीचे काम सुरू ठेवून पाच-दहा मिनिटे हे आकडे पाहावेत. मेमरी ६० ते ७० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मोकळी रॅम विंडोज मुद्दामच वापरात आणते. ती सतत ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर जागा कमी पडते आहे. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्के व्यग्र, असे चित्र असेल तर कितीही रॅम टाकली तरी फरक पडणार नाही. तिथे एसएसडी बसवणे हाच उपाय, आणि अनेक जुन्या संगणकांची रडगाणी त्यानेच थांबतात.

बसवलेली रॅम आणि दिसणारी रॅम यांतही तफावत असू शकते. विंडोजची आवृत्ती ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. ८ जीबी असूनही निम्मीच दिसत असेल आणि विंडोज ६४ बिटची असेल, तर एक पट्टी नीट बसलेली नाही किंवा मेली आहे. ‘रॅम बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला न गेलेले बरे. ती ओट्यावरचे सामान माळ्यावर ढकलतात आणि ओटा रिकामा झाल्याचे दाखवतात. त्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतील नको असलेली सॉफ्टवेअर बंद करावीत. तिथे दोन-दोन अँटिव्हायरस आढळणे काही दुर्मीळ नाही.

सदोष रॅमचा खरा धोका कोणता?

आजची रॅम ज्या तत्त्वावर चालते, ते आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले. त्याचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर आणि विजेचा कणभर साठा धरणारा एक कपॅसिटर, एवढाच एका बिटचा संसार. साठा गळत राहतो म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या पट्टीत अशी ६,८०० कोटींहून अधिक घरे असतात. त्यांतले एक जरी अधूनमधून ‘१’च्या जागी ‘०’ सांगू लागले, तरी संगणकाला ते कळत नाही. बँकांच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये अशी चूक पकडणारी ‘ईसीसी’ रॅम असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते. ही चूक किती वेळा होते? गुगलच्या सर्व्हरमधील रॅमचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्याचे दिसले. ती आकडेवारी दिवसरात्र राबणाऱ्या सर्व्हरची आहे, घरातल्या संगणकाला ती जशीच्या तशी लागू होत नाही. पण रॅम कधी चुकतच नाही, हा समज त्यातून मोडीत निघाला.

चुकलेले बिट एखाद्या खेळातल्या रंगाचे असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. ते विंडोजच्या कामकाजातले असेल तर निळा पडदा येतो, आणि हा प्रकार त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. सर्वात वाईट प्रकार शांतपणे घडतो. लग्नाची छायाचित्रे एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी केली, हिशेबाची फाइल उघडून जतन केली, की ती रॅममधून जाता-येता बिघडते आणि बिघडलेलीच डिस्कवर लिहिली जाते. सहा महिन्यांनी छायाचित्र उघडावे तर निम्म्यावर राखाडी पट्टा.

‘फॉरमॅट’च्या सल्ल्यातील धोकाही हाच आहे. रॅम सदोष असताना विंडोज नव्याने टाकली, तर तिच्याही फाइल त्याच वाटेने जातात. संगणक काही दिवस बरा चालतो आणि दुखणे परत येते. दरम्यान, जुना डेटा पुसला गेलेला असतो.

मग आधी बॅकअप घ्यावा की तपासणी करावी?

संगणक नुसता मंद असेल तर आधी बॅकअप, यात वाद नाही. तो कोसळत असेल तर मात्र थोडे थांबावे, कारण त्याच संगणकावरून घेतलेली प्रतही बिघडलेली असू शकते. सुरक्षित मार्ग म्हणजे संगणक बंद करून हार्ड डिस्क काढावी, सोप्या यूएसबी केबलने ती दुसऱ्या, धडधाकट संगणकाला जोडावी आणि तिथून प्रत घ्यावी. घरी जमणारे नसेल तर दुरुस्तीवाल्याला हेच काम आधी करायला सांगावे, बाकीचे नंतर. प्रत हाती आल्यावर दहा-वीस छायाचित्रे उघडून पाहायला विसरू नये.

तपासणी कशी करतात?

विंडोजमध्येच त्याची सोय आहे. स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधावे. संगणक पुन्हा सुरू होऊन चाचणी होते आणि नंतर निकाल दिसतो. ही चाचणी ढोबळ आहे. तिने दोष दाखवला तर तो खरा मानावा, नाही दाखवला तर निर्धास्त होऊ नये. अधिक कसून तपासायचे तर ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करतात. त्याला विंडोज लागत नाही. रात्री सुरू करून सकाळी पाहावे. एक जरी चूक नोंदली गेली तरी पट्टी नापास. इथे पस्तीस टक्क्यांना पास होण्याची सोय नाही.

चूक सापडली म्हणून लगेच पट्टी टाकून देऊ नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक वेगळी बसवून चाचणी घ्यावी. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिला तर मदरबोर्ड. सगळ्याच पट्ट्या सगळ्याच स्लॉटमध्ये नापास होत असतील तर संशयाची सुई एसएमपीएसकडे वळवावी. अनेक वर्षे विजेचे चढउतार सोसलेला एसएमपीएस रॅमला स्थिर वीज देईनासा होतो आणि दोष मात्र रॅमच्या नावावर जमा होतो.

खोडरबराचा उपाय खरा की खोटा?

खरा, पण जपून करावा असा. पट्टी काढून, तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसून पुन्हा बसवली की ‘टूं टूं’ करत अडलेला संगणक सुरू होतो, हा दुरुस्तीच्या दुकानांतला जुनाच अनुभव आहे. धूळ आणि दमट हवा यांमुळे टोके आणि स्लॉट यांच्यात थर साचतो. पावसाळ्यात कोकण-मुंबईत हे अधिक. मात्र त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. शाईच्या खरखरीत रबराने तो निघून जातो. मऊ पांढरा रबर हलक्या हाताने फिरवावा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. त्याआधी वायर भिंतीतून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच पट्टी उचलावी. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरेशी होते. पट्टी बसवताना दोन्ही बाजूंच्या क्लिप ‘खट्’ आवाज करून बंद झाल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली पट्टी हे ‘रॅम गेली’ या निदानामागचे एक नेहमीचे कारण आहे.

नवी रॅम घेताना काय पाहावे?

पिढी. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसवण्यासाठी जोर लावला तर स्लॉटच तुटतो. लॅपटॉपची पट्टी वेगळी, आखूड असते. मदरबोर्डचीही मर्यादा असते : इंटेलच्या जी३१ चिपसेटचे बोर्ड ४ जीबीपर्यंतच रॅम घेतात, जी४१चे ८ जीबीपर्यंत. काही स्वस्त डीडीआर२ आणि डीडीआर३ पट्ट्या केवळ एएमडीच्या बोर्डवर चालतात, त्यामुळे ऑनलाइन खरेदीत बारीक अक्षरे वाचावीत.

किमतीचा मुद्दा नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅम झपाट्याने महागली. मायक्रॉन या बड्या उत्पादक कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा घरगुती ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित पाठबळ संपले आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागत असल्याने बरेच जुने संगणक त्यातून आपोआप बाद झाले. अशा संगणकात महागडी नवी रॅम टाकण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळणारी वापरलेली डीडीआर३ पट्टी आणि एक छोटी एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट, ही जोडी व्यवहार्य ठरू शकते. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीत ते बऱ्यापैकी चालते. वापरलेली पट्टी घेताना मात्र दुकानदाराकडून आठ दिवसांत बदलून देण्याचा शब्द घ्यावा, आणि घरी आणल्यावर पहिल्याच रात्री मेमटेस्ट लावून झोपावे.