पूल गरम हवाय? आधी हिशेब करा, मग हीटर घ्या!

'बॅकयार्डमध्ये पूल आहे' हे ऐकलं की आपला मराठी जीव आधी हरखतो आणि पुढच्याच मिनिटाला विचारतो, "मेंटेनन्स किती येतो?" दोन्ही रिअॅक्शन्स अगदी बरोबर! न्यू जर्सीत आम्ही घर घेतलं तेव्हा पूल घरासोबतच आला. म्हणजे हौस म्हणून नाही, पॅकेज डीलमध्ये. इथे पूल उघडतात तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या, म्हणजे मेमोरियल डेच्या आसपास, आणि बंद करतात सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला. जेमतेम शंभर दिवसांचा सीझन. त्यातही जूनच्या सुरुवातीला पाणी असं गार, की पाय बुडवला की माणूस सरळ किचनमध्ये चहा टाकायला पळतो.

पहिली दोन वर्षं आम्ही तसंच काढलं. तिसऱ्या वर्षी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार होत्या. आईंचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरताहेत. 'ऑपरेशन इतक्यात नको, पाण्यातले व्यायाम करा,' असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. आई लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या, त्यामुळे पाण्याची भीती अजिबात नाही. प्रश्न होता तो गार पाण्याचा. थंडीने सांधे आणखीनच आखडले तर व्यायाम कसला होणार! थोडक्यात काय, तर आमच्यासाठी हीटर ही चैन उरली नव्हती. मग मी एक वही घेतली आणि अभ्यासाला लागले.

आधी ठरवा, किती गरम?

अमेरिकेत सगळं फॅरनहाइटमध्ये. पोहण्याच्या स्पर्धांना ७८ अंश, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सियस पाणी चांगलं मानतात. लहान मुलांना आणि ज्येष्ठांना ते गारच वाटतं. संधिवाताच्या लोकांचे पाण्यातले व्यायाम साधारणपणे ८३ ते ८८ अंशांत घेतात, म्हणजे २८ ते ३१ सेल्सियस. आम्ही ८५ वर शिक्कामोर्तब केलं. 'अजून दोन अंश वाढवू या की' म्हणणाऱ्यांनी हे वाचा: अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने एकेका अंशामागे खर्च १० ते ३० टक्क्यांनी वाढतो! त्यामुळे आकडा ठरवताना हौस बाजूला ठेवा आणि पाण्यात नक्की कोण उतरणार आहे ते बघा.

बीटीयूची बाराखडी

हीटरच्या खोक्यावर मोठ्ठा आकडा असतो, २,५०,००० बीटीयू किंवा ४,००,००० बीटीयू. घाबरू नका. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती एक बीटीयू उष्णता. बस्स, एवढंच. आमचा पूल १६ बाय ३२ फूट, सरासरी खोली पाच फूट. म्हणजे अंदाजे १९,००० गॅलन किंवा ७२,००० लिटर पाणी. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. गुणाकार केला तर हे पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १ लाख ६० हजार बीटीयू लागतात. ७० वरून ८५ वर न्यायचं तर पंधरा अंश, म्हणजे २४ लाख बीटीयू!

आता गंमत बघा. जाळलेल्या गॅसमधली सगळी उष्णता पाण्यात जात नाही, काही धुरावाटे निघून जाते. अमेरिकेत २०१३ पासून गॅसच्या पूल हीटरची कार्यक्षमता किमान ८२ टक्के असावी लागते. ८३ टक्के धरली तर अडीच लाखांचा हीटर तासाला साधारण २ लाख ७ हजार बीटीयू पाण्यात टाकतो, म्हणजे आमचा पूल तापायला साडेअकरा-बारा तास. चार लाखांचा हीटर तेच काम सव्वासात तासांत करतो. आणि गॅस? दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, साधारण २९ थर्म. थर्मला दीड डॉलर धरला तर एका वेळचे ४३-४४ डॉलर. शिवाय तापता तापता पाणी थोडं निवतही असतं, तो गॅस वेगळा.

म्हणजे 'मोठा हीटर घेतला तर बिल वाढेल' हा गैरसमज, आणि 'मोठा हीटर घेतला की बिल कमी येईल' हादेखील गैरसमजच! मोठ्या हीटरने वाचतो तो वेळ. पूलला जोडून स्पा असेल, अचानक पाहुणे आले की अर्ध्या तासात गरम पाणी हवं असेल, तर मोठा घ्या. आमच्या डीलरने चार लाखांच्या मॉडेलचं भरपूर कौतुक केलं. आम्ही टायमर लावून शुक्रवारी रात्री आठला हीटर सुरू करणार होतो. शनिवारी सकाळी आठला आई पाण्यात! मग अडीच लाख का नको?

गॅसच का?

हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायलाच हवा. कारण पर्याय दोन आहेत. पहिला हीट पंप. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे चालवायला बराच स्वस्त पडतो आणि सहसा टिकतोही जास्त. पण त्याचा स्वभाव संथ. तासाला १ लाख २० हजार बीटीयू देणारा पंप आमच्या पूलला वीस तास घेणार, आणि हवा गार झाली की त्याचा जोर आणखी ओसरणार. शिवाय त्याला बहुतेक वेळा ५० अँपियरचं वेगळं सर्किट लागतं. आमचं इलेक्ट्रिक पॅनल आधीच हाउसफुल्ल! दुसरा पर्याय सोलर. इंधन फुकट, पण पॅनलसाठी उन्हाची मोठी जागा हवी. आमच्या छतावर ओक वृक्षाची सावली. झाड तोडायचं? छे!

पण खरा निर्णय झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. आईंनी एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा घरातला पहिला नियम. आम्ही दोघं ऑफिसला. म्हणजे पूल वापरायचा तो शनिवार-रविवार. रोज पोहणाऱ्या घराला हीट पंप उत्तम. आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही हवं तेव्हा गरम पाणी हवं असणाऱ्याला गॅस बरा. तुमचा वापर कसा आहे त्यावर सगळं अवलंबून. शेजाऱ्याचा हीटर बघून कधीच ठरवू नका.

पाइपात गॅस मावतो का?

हा मुद्दा ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतो. घराच्या फर्नेसला लागतो त्याच्या तिप्पट-चौपट गॅस पूल हीटर मागू शकतो. अनेक घरांचा मीटर तासाला २५० घनफूट गॅसचा असतो, म्हणजे अंदाजे अडीच लाख बीटीयूचा. त्यात शेगडी, गीझर, फर्नेस आणि वर पूल हीटर? गॅस कंपनीला फोन केला, तर मीटर बदलावा लागेल असं कळलं. हीटर मीटरपासून जितका लांब, तितका पाइप जाड लागतो. ते खोदकाम आणि पाइप कोटेशनमध्ये धरलंय का, हे लेखी विचारा. तिघांकडून कोटेशन घेतली, तर त्यातल्या एकाने पाइपचा खर्च चक्क वगळला होता! टाउनशिपचं परमिट, लायसन्स असलेला प्लंबर आणि शेवटी इन्स्पेक्शन, यातलं काहीही टाळू नका.

घरात पाइपचा नॅचरल गॅस नसेल, तर प्रोपेनची टाकी लागते. प्रोपेनचा हीटर आणि नॅचरल गॅसचा हीटर वेगवेगळे असतात. 'सध्या हाच लावू, नंतर बघू' हा जुगाड इथे चालत नाही.

पोटात काय आहे तेही बघा

हीटरच्या आत ज्या नळ्यांतून पाणी फिरतं, तो हीट एक्स्चेंजर. तो तांब्याचा किंवा क्युप्रो-निकेलचा असतो. पाण्याचा पीएच घसरला की आम्लधर्मी पाणी तांबं खायला लागतं आणि पूलच्या भिंतीवर हिरवट-निळे डाग उमटतात. सॉल्ट वॉटर पूल असेल, तर थोडे पैसे जास्त घालून क्युप्रो-निकेलच घ्या. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. क्लोरिनेटर नेहमी हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यावर, आणि मध्ये उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. इग्निशन इलेक्ट्रॉनिक घ्या. जुन्या हीटरमध्ये पायलटची ज्योत दिवसरात्र जळत राहायची, ते गॅसचे पैसे वाया.

यात हयगय नको

पुण्या-मुंबईत बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पूल हीटर हा त्याचाच थोरला भाऊ. १९७७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस सप्टेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या साउदॅम्प्टनला मित्राच्या गेस्ट कॉटेजमध्ये झोपला, तो उठलाच नाही. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या पूल हीटरमधला कार्बन मोनॉक्साइड कॉटेजमध्ये शिरला होता. वय फक्त ४०. या वायूला ना रंग, ना वास.

त्यामुळे बाहेर लावायचा हीटर बाहेरच. पावसात भिजतो म्हणून त्याच्याभोवती शेड उभारायची नाही. खिडक्या-दारांपासून मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाळायचं. आमच्याकडे सगळ्यांना सोयीची वाटणारी जागा नेमकी आईंच्या खोलीच्या खिडकीखाली होती. पाइप तिथे सर्वांत कमी लागला असता. आम्ही ती जागा फुली मारून रद्द केली आणि वीस फूट जादा पाइपचे पैसे भरले. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला.

आणि हो, कव्हर!

पूलची सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनातून उडते. साधं बबल कव्हर घातलं तरी तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. हीटरच्या मानाने कव्हर अगदीच स्वस्त! म्हणून आधी कव्हर, मग हीटर. मात्र पोहताना ते पूर्ण गुंडाळून बाजूला ठेवायचं. अर्धवट कव्हरखाली माणूस अडकू शकतो.

शॉपिंगला जाताना खिशात ठेवा

* पूलची लांबी, रुंदी, सरासरी खोली
* हवं ते तापमान आणि आठवड्यातले वापराचे दिवस
* गॅस मीटरची क्षमता आणि हीटरपर्यंतचं अंतर
* पाणी साधं की सॉल्ट वॉटर
* परमिट, पाइप आणि इन्स्पेक्शनसकट लेखी कोटेशन

आमच्या आईंचे गुडघे बरे झाले का? तसा दावा मी करणार नाही. पण त्या उन्हाळ्यात त्या दर शनिवारी कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून चाळीस मिनिटं चालायच्या आणि जिन्यावर रेलिंग न धरता एकदा वर आल्या, तेव्हा त्यांनीच मला हाक मारून दाखवलं. गॅसचं बिल आलं की नवरा अजूनही भुवया उंचावतो. मी त्याला वही दाखवते. त्यात सगळा हिशेब आहे!